दाजींची डावी बाजू

शिरवळ,
२१ जुलै १९९६

चि. नाथाजी यास ताईकडून अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं असेलच. कार्डावर सुखरूप एवढंच मावतं, म्हणून आज रविवार साधून सविस्तर लिहिते आहे. सई शेजारी बसून पाढे घोकते आहे. पत्रात मध्येच बारा सत्ते चौऱ्याऐंशी आलं तर समजून घे.

आईला सांग, तिनं दिलेलं तांब्याचं ताट फळीवर दर्शनी ठेवलं आहे. अनारसे संपले. अधिक महिन्याचे म्हणून जावयाला तेहतीस मोजून बांधले होते तिनं, पण त्यातले बरेचसे मी आणि सईनंच खाल्ले. उरलेले तुझ्या दाजींनी फॅक्टरीच्या गेटवर नेऊन वाटले, आणि प्रत्येक अनारशाबरोबर तालमीतली हकिगतही वाटली. सांगलीकडच्या नाथाजी पैलवानाला कुणी पाडलं हे आता शिरवळमध्ये ट्रकचे ड्रायव्हरसुद्धा जाणतात. राग मानू नकोस.

तुझ्या बरगडीचं काय? आंबेहळद लावलीस का? मी तालमीच्या मागच्या झरोक्यातून पाहत होते. बायकांनी तालमीची पायरी चढायची नाही, पण झरोक्याबद्दल आपल्या अण्णांनी कधी काही ठरवलेलं नव्हतं. लहानपणी चढायचे तशीच कडब्याच्या पेंढ्यांवर चढून उभी राहिले. पडलास मोठ्या झोकात, आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी इकडचं लिहिते.

इकडे बालवाडीत यंदा पोरं भरपूर आहेत आणि खाऊ अपुरा आहे. सईला पहिली घटक चाचणी बरी गेली. शेजारच्या शकुंतलाबाईंनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे, त्याला कारण तुझे दाजी. मागच्या आंब्याला त्यांनी भुशानं भरलेलं पोतं टांगलंय. पहाटे उठतात, दोरीवरच्या उड्या मारतात आणि मग त्या पोत्याला बुक्क्या हाणत बसतात. बाई म्हणतात, झोपेत धरणीकंपच झाल्यासारखं वाटतं. कोयनेच्या भूकंपात त्यांचं माहेरचं घर पडलेलं, त्यामुळे त्यांना हसताही येत नाही.

सगळा घात त्या कॅसेटनं केला. जहाजावर नोकरी करणाऱ्या तुझ्या मित्राला, अवधूतला, तिकडून घड्याळं, कापड असलं काही आणायला काय झालं होतं? अमेरिकेतली मारामारी आणली. तुम्ही तालमीत टीव्ही लावून पाहत होतात तेव्हाचा आरडाओरडा मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तो पांढऱ्या जाकिटातला बारका माणूस उताणा पडला तेव्हा तुम्ही सगळे ‘चीत! झाली कुस्ती!’ म्हणून उठलातसुद्धा. मग त्यानं खालूनच वरच्याचा गळा आवळला आणि वरच्यानं हार मानली, तेव्हा कोंडीबा मालीशवाला काय म्हणाला ते हे रोज सांगून हसतात. ‘पाठ टेकल्याला गडी जिकतोय व्हय? आन वरचा हरतोय? ह्यो कसला खेळ म्हनायचा!’

बॉक्सिंग अवघड की कुस्ती, हा तुमचा वाद माझ्या लग्नाइतका जुना. तू म्हणायचास बॉक्सिंग म्हणजे पोरांची चापटपोळी. हे म्हणायचे कुस्ती म्हणजे ईदची गळाभेट. मी चहा देताना दोघांचंही ऐकून घ्यायची, कारण वाद चहापुरताच असायचा. यंदा मध्ये ही कॅसेट आली, बुक्कीही चालते आणि पकडही चालते असं निघालं, आणि तुम्ही दोघे जेवणाआधी मातीत उतरलात. तीन मिनिटांत तुझ्या बरगडीत ठोसा बसला, तू आडवा झालास आणि हात वर केलास. मग वर येऊन धोंडे खाल्लेस सात. ज्याच्या बरगडीला लागतं तो सात धोंडे खात नाही, एवढंच तूर्त लिहिते.

परवा मी यांना सहज विचारलं, आता तुम्हीच सांगा, यातलं जास्त अवघड कोणतं? तर म्हणाले, “बॉक्सिंग म्हंजी एका गेटची ड्युटी. समोरनं येणार, कंबरेच्या वर येणार, ठरलेल्या टायमात येणार. कुस्तीचंबी तसंच, फक्त गेट वायलं. हे नवीन जे हाय, त्यात चारी गेटं उघडी आन गार्ड एकटा.” मी म्हटलं, मग हेच अवघड झालं की. त्यावर म्हणतात, “गेट किती हायती ते बगू नये, गार्ड कोन हाय ते बगावं. नाथाजीसारखा पैलवान तीन मिनिटांत आडवा झाला. आता आनि काय परीक्षा घ्यायची?”

आता बातमी. पुण्यात मुकुल म्हणून कुणी व्हिडिओ पार्लरवाला आहे. त्यानं दिवाळीत एका हॉलमध्ये अशाच लढती ठेवल्या आहेत. ग्लोव्हज नाहीत, फेऱ्या नाहीत, एकानं हार मानेपर्यंत चालायचं. तुझ्या दाजींनी नाव दिलं आहे. अडतिसाव्या वर्षी.

मी काही बोलले नाही असं नाही. पण नाथाजी, तीन वर्षं हा माणूस गेटवर उभा राहून गाड्यांना सलाम करतोय. पलटणीत असताना लोक यांच्या लढतीला उठून उभे राहायचे. त्या दिवशी तालमीतून वर आले तेव्हा यांचा चेहरा पाहिलास ना? लग्नानंतर पहिल्यांदा रजेवर आले होते तेव्हा असाच होता. तो चेहरा पाहिल्यावर माझ्या तोंडून नाही हा शब्द जोरानं निघत नाही.

म्हणून तुला काम सांगते. तू यांच्या नावानं एक पत्र लिही, माझा उल्लेख न करता. बॉक्सिंगवाल्यानं या नव्या प्रकारात पडू नये, हे दोन्हीपेक्षा अवघड आहे, असं जे काय तुला पैलवान म्हणून वाटतं ते लिही. तुझं ऐकतील.

आईनं जेवताना सगळ्यांदेखत मला चिडवलं ते आठवतं ना? “लगीन होऊन चवदा वर्सं झाली, पोरगी अजून नवऱ्याची डावी बाजू सोडंना.” मी हसले. लग्नात डावीकडे बसवलंत, तिथून उठायचं राहून गेलं, असं आईला सांग.

पत्र लवकर टाक.

तुझी ताई,
क्रांती


शिरवळ,
१३ ऑगस्ट १९९६

चि. नाथाजी, अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, यांच्या नावाचं घरी आणि माझ्या नावाचं बालवाडीच्या पत्त्यावर. पाकिटात राखी शोधू नकोस, घातलेली नाही. कारण पुढे येईल.

आधी घरच्या पत्राचं सांगते. चांगलं लिहिलं होतंस. ‘दाजी, बॉक्सिंग अवघड, कुस्ती त्याच्याहून अवघड, पण दोन्ही एका अंगात भरायचं तर लहानपणापास्नं तसंच घडावं लागतंय, आता आपलं वय न्हाई.’ यांनी ते मला आणि सईला मोठ्यानं वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “हरल्याला माणूस दुसरं काय लिहिणार?” ते पत्र आता गेटवर दाखवतात. माझीच अक्कल मला नडली.

आता माझ्या पत्राचं. तू लिहिलंस, ‘ताई, मी काय करू, आईनं आदल्या दिवशीच बजावलं हुतं. अधिकातला जावई म्हंजी साक्षात नारायण. पायाला पानी घालतो आपन, आन त्याची पाठ मातीला लावनार व्हय रं तू?’ हे वाचून मी बालवाडीत एकटीच हसले. मग हसू गेलं. मला माहीतच होतं. तू सहा वर्षांचा असल्यापासून खरी कुस्ती करताना खालचा ओठ दातात धरतोस. अण्णा त्यासाठी तुला रागवायचे, हनुवटीला डोकं लागलं तर ओठ तुटेल म्हणायचे. त्या दिवशी झरोक्यातून मी आधी तुझा ओठ पाहिला. मोकळा होता. मी पेंढ्यांवरून उतरून पुरणाकडे गेले. तुझं पडणं ऐकलं फक्त.

तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आईनं मान राखला, तू राखलास, माझा नवरा खूश. घरोघरी जावयाचं असंच करतात, पत्त्यांत हरतात, बुद्धिबळात हरतात. तो मान घेऊन माणूस पुण्याला लढायला निघेल हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुझी चूक काढत नाही. मीसुद्धा घरी येऊन गप्प बसले.

आता मूळ गोष्ट. दोनदा लिहून फाडली, तिसऱ्यांदा सरळ लिहिते. तुझ्या दाजींना डाव्या डोळ्यानं दिसत नाही.

ब्याण्णव साली सराव करताना तिथे ठोसा बसला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला. पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मी महिनाभर तिथे होते, आणि तुम्हाला कळवलं होतं की यांना कावीळ झाली. समोरचं अंधुक दिसतं, डावीकडचं काहीच नाही. पोरांना वाव मिळावा म्हणून बॉक्सिंग सोडलं असं ते सांगतात, ते खरं नाही. डॉक्टरांनी अनफिट लिहून पलटणीतून सोडवलं. निघताना त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की उजव्या डोळ्याचा पडदाही तसाच पातळ झाला आहे. चेहऱ्यावर एक जोराचा ठोसा बसला तर तोही सुटू शकतो. म्हणजे मग दोन्ही गेले.

यांनी मला स्वतःची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. गेटवरची नोकरी मिळाली तेव्हा पुन्हा घातली. एका डोळ्याचा पहारेकरी कोण ठेवील, असं म्हणाले. नोकरीचं कारण खरं आहे, पण माझ्या मते तेवढंच नाही. आंधळा हा शब्द त्यांना कुणाच्या तोंडी नको आहे. मी तो शब्द लिहितानाही मागे वळून पाहिलं.

म्हणून मी डावीकडून चालते. रस्त्यानं त्या बाजूनं सायकल आली, गुरं आली, तर मी त्यांचं कोपर दाबते. जेवताना पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवते. आईला वाटलं मी लाडात आले आहे. वाटू दे म्हटलं.

यातलं काही तू तालमीत ओळखलं नाहीस, कारण तू लढतच नव्हतास.

तू म्हणशील, मग सांगून टाकतो की मी मुद्दाम पडलो. तो विचार मी करून पाहिला. विश्वास ठेवणार नाहीत. हरलेले सगळे असंच बोलतात म्हणतील, आणि वर आईनं आपल्याला देवासारखं पुजून फसवलं याचा राग धरतील. मग मी गेल्या आठवड्यात डोळ्याचं काढलं. ताटावर बसले होते. हात थांबला, म्हणाले, “दिसतंय मला.” मी म्हटलं, डावीकडे सई उभी आहे, तिच्या हातात काय आहे सांगा. उठून गेले. भाकरी अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी पोत्याचा आवाज दुप्पट झाला. शकुंतलाबाईंनी आता बोलणंच बंद केलं आहे.

म्हणून राखी पाठवलेली नाही. अठ्ठावीसला नारळी पौर्णिमा आहे, बुधवार, फॅक्टरीला यांनी सुटी टाकली आहे. तू इथे ये आणि माझ्या हातून बांधून घे. ओवाळणी मी आधीच सांगून ठेवते. माझ्या नवऱ्याला पाड.

खरा पाड. शाळेच्या हॉलमध्ये गाद्या आहेत, हे पोरांना तिथे शिकवतात, किल्ली यांच्याकडेच असते. तू नुसतं म्हण की एकदा परत होऊ दे, नाचत येतील. चेहऱ्याला तुझा हात लागता कामा नये. गळ्याच्या वर काही नको. बाकी तू जे लोकांना करतोस ते कर. त्यांना कळू दे की तो चारी गेटांचा पहारा त्यांच्यानं होणार नाही. बायकोच्या तोंडून कळत नाही, मेहुण्याच्या पत्रातून कळत नाही, तर गादीवर पडून कळू दे.

बहिणीनं भावाकडे असलं मागणं बरं दिसत नाही हे मला समजतं. आईला यातलं काही बोलू नकोस, ती मला घरात घ्यायची नाही. पण नाथाजी, अधिक संपला. आता ते नारायण नाहीत, नुसते माझे नवरे आहेत, आणि ते मला डोळस हवे आहेत. मला भीती वाटते रे. रोज पहाटे तो पोत्याचा आवाज सुरू झाला की मी अंथरुणात उजवा डोळा झाकून डाव्यानं, मग डावा झाकून उजव्यानं पाहते. आणि मग दोन्ही झाकते.

शपथ मोडली आहे. त्यांना काही होऊ नये म्हणून दोन सोमवार जास्तीचे धरले आहेत. उपासानं शपथ सुटते का ते भटजींना विचारलं नाही, विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

येताना रिकाम्या हातानं ये. यंदा साडी नको.

तुझी ताई,
क्रांती


शिरवळ,
८ सप्टेंबर १९९६

ती. आईस क्रांतीचा साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तुला नाथाजी वाचून दाखवणार. नाथाजी, सगळं वाचायचं. तुझं कौतुक आलं की लाजून पान उलटायचं नाही. आई, तुला शंका आली तर शेजारच्या श्रद्धाकडून पुन्हा वाचून घे.

तू निरोप धाडलास की नाथाजी राखी बांधून आला तो मुक्यासारखा बसला आहे, शिरवळात काय झालं? आणि दाजींच्या डोळ्याचं काहीतरी तो पुटपुटला आणि गप्प झाला. बरोबर आहे त्याचं. सांगायची परवानगी त्याला नव्हती. मला काल मिळाली. मी यांना विचारलं, आईला काय लिहू? म्हणाले, “खरं ते लिही. आईपास्नं काय लपवायचं?” चार वर्षं लपवलं त्याचं काय, हे मी विचारलं नाही.

तर आई, तुझ्या जावयाचा डावा डोळा ब्याण्णव साली गेला. कावीळ झालीच नव्हती. तू पाठवलेला काविळीचा पाला मी हॉस्पिटलच्या कुंडीत टाकला, त्याची माफी असावी. तुला आठवत असेल, मी यांच्या डावीकडून हलत नाही म्हणून तू हसली होतीस. ते कारण हे. आता रडू नकोस. नाथाजी, पाणी दे तिला आणि मग पुढे वाच.

पौर्णिमेला सकाळी राखी बांधली. ओवाळताना नाथाजीनं माझ्याकडे पाहिलं नाही. नारळीभाताला वेळ होता. तेव्हा हा म्हणाला, “दाजी, अधिकात पडलो, गावात त्वांड दाकवायला जागा न्हाई. श्रावणात एकदा हुंद्या.” हे लगेच उठले. वाटेत त्याला शिकवत होते, पुण्याला काय करायचं, कसं करायचं. सईला शकुंतलाबाईंकडे ठेवली. शाळेचा हॉल म्हणजे तालीम नव्हे, त्यामुळे मला आत बसता आलं. झरोका नको, पेंढ्या नकोत. खुर्चीवर बसले, पण खुर्ची मला टोचत होती.

नाथाजीनं गादीला हात लावून कपाळाला लावला आणि उभा राहिला. आई, त्याचा खालचा ओठ दातात होता.

यांनी सुरुवात झकास केली. खोटं बोलणार नाही, मला अभिमानच वाटला. डावा हात असा काही भरभर यायचा की नाथाजीला तीन-चार दंडावर आणि खांद्यावर घ्यावे लागले. त्याचे दंड तू पाहिलेच असशील, अजून काळेनिळे आहेत. मग हा यांच्या डाव्या बाजूनं फिरायला लागला. सारखा डावीकडेच. हे मान वळवायचे, पुन्हा तो तिकडून नाहीसा व्हायचा, हे पुन्हा वळायचे. बघणाऱ्याला वाटलं असतं दोघे फुगडी घालतायत. मला काय वाटत होतं ते मी इथे लिहीत नाही.

मग हा खाली वाकला, यांच्या दोन्ही पायांना मिठी घातली आणि उचलून आडवं केलं. डोकं आपटू नये म्हणून एक हात मानेखाली घातला होता, ते मी पाहिलं. तुझ्या नारायणाची पाठ टेकली, आई. पाप लागणार असेल तर मला लागू दे, मागणं माझं होतं.

मला वाटलं, झालं, सुटले. पण हे खालून हसायला लागले. म्हणाले, “नाथाजी, ह्या खेळात पाठ टेकली म्हंजी काय हार न्हाई बरं का. कॅसेट इसरलास व्हय? आता खालनं तुझा गळा धरतो बग, एकदा का हात आत घातला की...” आणि कॅसेटमधला तो बारका माणूस कसा करतो ते पडल्या पडल्या समजावून सांगायला लागले.

नाथाजी छातीवर बसलेला होता. त्यानं उजवी मूठ आवळली, बाजूनं आणली आणि यांच्या डाव्या डोळ्यावर धरली. टेकवली नाही. मधून बोट गेलं असतं एवढीच जागा. मी किंचाळणार होते, तोंडात पदर घातला.

आणि हे बोलतच होते. पापणी हलली नाही. हात इथे घालायचा, कोपर असं ओढायचं, सगळं नीट सांगत होते.

नाथाजीनं हळूच विचारलं, “दाजी, माझी मूठ कुटं हाय?”

हे थांबले. उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं. “कुटली मूठ?”

“उजव्या हाताची. कुटं हाय सांगा.”

मग मान डावीकडे वळवली आणि ती मूठ त्यांना दिसली. नाथाजीनं ती उघडली, तोच हात देऊन यांना उठवून बसवलं आणि स्वतः गादीवर समोर बसला. आई, हा पोरगा रडत होता. पैलवान रडताना चांगला दिसत नाही, तुला सांगते.

हे म्हणाले, “कुनी सांगितलं?” मी खुर्चीवरून म्हटलं, मी. माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, नुसतं पाहिलं. मग विचारलं, “आन अधिकात?” नाथाजीनं मान खाली घातली. तुझं नाव त्यानं घेतलं नाही, पण हे समजले. “आईंनी मान राखला,” म्हणाले. हातावरच्या पट्ट्या सोडायला लागले. गाठ डाव्या मनगटावर होती, चाचपत होते. मी उठून सोडवून दिली. आजवर माझ्या हातून सोडवून घेतली नव्हती.

घरी येऊन नारळीभात झाला. यांनी ताट पूर्ण संपवलं आणि नाथाजीला आणखी वाढ म्हणून मला खुणावलं. हात धुऊन सरळ एसटीडी बूथवर गेले. आम्ही दोघं बाहेर उभे. काचेतून सगळं ऐकू येतं तिथं. पुण्याच्या त्या मुकुलला म्हणाले, “माझं नाव काढा. नाही, भीत नाही. अनफिट आहे. मेडिकल अनफिट.” आई, तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बूथवाल्यानंही मान वर करून पाहिलं. यांनी मुकुलला दोनदा सांगितलं, आवाज न चढवता, गेटवर एखाद्याला पत्ता सांगतात तसं.

फॅक्टरीत मात्र अजून सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणतात. बघू. पोतं आंब्यावरून काढलं, भुसा शकुंतलाबाईंनी चुलीला नेला आणि जाताना माझ्याशी दोन शब्द बोलल्या.

तू नेहमी विचारतेस ना, त्या दोघांच्या खेळांत अवघड कोणता म्हणून? काल पत्राला बसले तेव्हा मीही यांना विचारलं. गेटचा हिशोब सांगतील असं वाटलं. म्हणाले, “मी सतरा वर्सं ठोसा मारायला शिकलो. नाथाजीनं आणून थांबिवला, तसं मला एकदाबी जमलं न्हाई.” मग म्हणाले, “पायाला मिठी घातली की सोडवायची कशी ते मातूर शिकायचं ऱ्हायलंय. दिवाळीत तालमीत यिन म्हनावं. कोंडीबाला तेल काढून ठेवायला सांग.” तेव्हा दिवाळीला आम्ही येतो आहोत. पुण्याला नाही.

शेवटचं एक. नाथाजीला सोडायला आम्ही स्टँडवर चाललो. हायवेच्या कडेनं जावं लागतं, ट्रक अंगावर येतात. सवयीनं मी डावीकडे सरकले, तर नाथाजी तिथे आधीच आला होता. तो नुसता यांच्या डाव्या हाताला चालायला लागला. थोडं पुढे एक बैलगाडी आली तेव्हा यानं कोपर दाबलं, आणि हे बाजूला झाले, जसे मी दाबल्यावर होतात. मी मागून चालले. चार वर्षांत पहिल्यांदा मला रस्त्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून दुकानं बघत गेले. कासाराचं नवीन दुकान निघालं आहे, केव्हा निघालं कोण जाणे. बरीच जुनी पाटी वाटली.

दिवाळीला तिकडे येताना मी त्याच दुकानात बांगड्या भरून येईन. हिरव्या.

हे विचारतात, खाली माझं काय लिहिलंस? नेहमी लिहिते तसं ‘तुमच्या जावयाचा नमस्कार’ म्हटलं. म्हणाले, आईंना नमस्कार लिही, आणि नाथाजीला माझे आशीर्वाद लिही. तो मला नमस्कार करतो, मी आजवर उलट काही दिलं नाही.

लिहिले.

तुझी,
क्रांती